भिंतीतले कपाट, जुने सागवान आणि रंगाचा पातळ हात

या व्यासपीठावरून तत्त्वज्ञान, इतिहास, वाङ्मय आणि राजकारण या विषयांवर मोठमोठी माणसे बोलून गेली आहेत. त्या मालिकेत कपाटाच्या पॉलिशवर बोलावयास आम्ही उभे राहिलो, तेव्हा पुढच्या रांगेतील एका वृद्ध गृहस्थांनी शेजाऱ्याला विचारलेले आम्हाला स्पष्ट ऐकू आले. "अहो, हे युनियनवाले ना? मग संपावर बोलायचं सोडून हे सुतारकाम कुठं काढलं?"

प्रश्न रास्त आहे. २००६ साली पॉलिश करणाऱ्या काही कारागिरांचा आणि एका ठेकेदाराचा मजुरीवरून तंटा झाला व तो आमच्याकडे आला. ठेकेदार म्हणे, पॉलिशचे चार हात ठरले होते, चारांचेच पैसे मिळतील. कारागीर म्हणत, आम्ही सात हात दिले, त्याखेरीज रंगाचा एक पातळ हात वेगळा. आम्ही मध्ये बसलो होतो आणि आम्हाला काहीच कळत नव्हते. चार म्हणजे कोणते चार? तो पातळ हात कशाला द्यावा लागला? वाटाघाटीत आम्ही त्या दिवशी पुरते हरलो. मजुरीचा हिशेब मागावयाचा तर काम म्हणजे काय हे आधी समजले पाहिजे, एवढी अक्कल आम्हाला त्या हरण्याने आली. पुढे दोन महिने आम्ही रोज संध्याकाळी एका म्हाताऱ्या पॉलिश मिस्त्रींच्या शेजारी, उलट्या घातलेल्या डब्यावर बसून काढले. आजचे बोलणे ही त्या डब्यावरची कमाई आहे.

प्रथम कपाटाकडे वळू. ज्यांचे बालपण वाड्यात गेले त्यांना फडताळ सांगावयास नको. दगडामातीच्या किंवा विटांच्या त्या भिंती दोन-दोन, अडीच-अडीच फूट जाडीच्या असत. त्यांच्या पोटातच पोकळी ठेवून तिला लाकडी चौकट, फळ्या आणि दोन झडपा बसवल्या की फडताळ झाले. समोरून भिंत सपाटच राहावयाची. पुढे लोखंड-सिमेंटच्या सांगाड्याची घरे आली, भार खांब-तुळयांनी घेतला, आणि भिंत नऊ इंचांची, पुढे साडेचार इंचांची झाली. भिंतीचे पोट गेले, पण वस्तू तर वाढल्या. म्हणून कपाट भिंतीच्या पुढे आले आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, जमिनीपासून छतापर्यंत पसरले. आज ज्याला घरोघर 'वॉल टू वॉल' म्हणतात ते हेच.

या बदलात एक गोष्ट अशी घडली की तिचा त्रास घरमालकाला पाच वर्षांनी होतो आणि शिव्या मात्र कारागिराला बसतात. कपाटाची पाठ बाहेरच्या भिंतीला चिकटते. पावसाळ्यात ती भिंत ओल धरते. कपाटाची दर्शनी बाजू पॉलिशने बंद केलेली असते, पाठीमागची बाजू मात्र कोरी ठेवतात, कारण ती दिसत नाही आणि न दिसणाऱ्या कामाचे पैसे कोणी देत नाही. लाकूड कोऱ्या बाजूने ओल पिते व फुगते, बंद बाजूने तितके फुगत नाही, आणि फळी वाकते. तेव्हा पाठीलाही निदान दोन हात सीलरचे द्यावेत, आणि भिंत व पाठ यांच्यामध्ये पट्ट्या मारून वारा खेळण्याइतकी फट ठेवावी. जुने सुतार हे न सांगता करीत.

आता लाकूड. मुंबईच्या जुन्या चाळी आणि पुण्याचे वाडे पडू लागले की त्यांतून तुळया, खांब, कडीपाटाच्या फळ्या, जिन्यांचे कठडे आणि दारे निघतात. त्यांतले पुष्कळसे सागवान असते. दारूखान्याकडे आणि लाकडी बंदराच्या बाजूला गेलात, तर असा माल रचलेला दिसेल. गुजराथेत अलंग येथे १९८३ सालापासून जहाजे मोडली जातात. तिथल्या रस्त्याच्या दुतर्फा जहाजांतील कपाटे, बाके आणि दारे यांची दुकानेच लागलेली आहेत.

मुंबईच्या चांगल्या इमारतींतील सागवान बरेचसे ब्रह्मदेशचे होते. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी १८६३ साली निघाली, ती मुख्यतः त्या सागवानासाठी. १८८५ साली ब्रह्मी दरबाराने या कंपनीला लाकूडतोडीवरून दंड ठोठावला. इंग्रज सरकारला निमित्तच हवे होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात लढाई झाली, ब्रह्मदेशचे राज्य गेले आणि राजा थिबा याला कैद करून आपल्या रत्नागिरीस आणून ठेवले. १९१६ साली तो तिथेच वारला. रत्नागिरीचा थिबा पॅलेस पाहावयास सहली जातात. चाळीच्या जिन्याचा कठडा आणि तो राजवाडा यांचा सांधा एकच आहे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. पुढे म्यानमार सरकारने १ एप्रिल २०१४ पासून अखंड ओंडक्यांची निर्यातच बंद केली. तेव्हापासून चाळीतल्या तुळईची किंमत आणखी वाढली यात नवल नाही.

दुसरा माल 'सीपी' म्हणून ओळखला जातो. सीपी म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, जुना मध्य प्रांत. तो प्रांत नकाशावरून केव्हाच गेला, लाकडाच्या वखारीत मात्र अजून आहे. ब्रह्मी सागवान बहुधा एकसारखे सोनेरी, सरळ रेषांचे असते. सीपीचे जरा गडद, काळपट रेघांचे आणि अधिक वळणांचे. आपल्या चंद्रपूर-आलापल्लीकडचा साग याच कुळीचा.

जुना साग टिकतो किती, याचे दोन दाखले देतो. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली बांधलेली 'त्रिंकोमाली' ही सागवानी युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली. ती आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे पाण्यावर उभी आहे. तिच्यामागून १८२१ साली याच गोदीत 'गँजेस' उतरली. ती १९३० च्या सुमारास मोडली, तेव्हा तिच्या कप्तानाची खोली उचलून डेव्हन परगण्यात बर्ग बेटावरच्या हॉटेलात बसवण्यात आली. म्हणजे मुंबईच्या सुतारांनी केलेले काम एका जहाजातून निघून एका भिंतीत बसले. मोडीचे लाकूड म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

पण मोडीचे लाकूड घरात येते ते स्वच्छ होऊन येत नाही. त्याला स्वच्छ करणारे हात असतात, आणि आमच्या तंट्याचे मूळ इथेच होते.

पहिले काम खिळ्यांचे. एका जुन्या दारातून साठ-सत्तर खिळे निघालेले आम्ही स्वतः मोजले आहेत. त्यांतले निम्मे डोके तुटलेले, लाकडात बुडालेले आणि वरून लांबी भरलेले, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे. मिस्त्रींनी दोरीला लोहचुंबक बांधला होता. तो फळीवरून फिरवीत, आणि जिथे तो ओढ घेई तिथे खडूची खूण करीत. हे न करता फळी यंत्राच्या करवतीवर चढवली तर दात तुटतो, आणि तुटलेला दात कुठे जाईल याचा नेम नसतो. खिळा निघाला तरी त्याच्याभोवती निळसर काळा डाग राहतो. लाकडातील तुरट द्रव्य आणि लोखंड यांचा ओलीत संयोग होऊन तो पडतो. तो रंध्याने पूर्ण जात नाही. ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याने फिकट होतो. हे ॲसिड विषारी आहे. हातमोजे घालावेत, आणि नंतर फळी स्वच्छ पाण्याने दोनदा पुसून घ्यावी, नाहीतर वाळलेली पूड पुढे घासताना नाकात जाते.

दुसरे काम जुन्या रंगाचे, आणि हे सर्वांत घातक. जुन्या दारांवर चार-चार, पाच-पाच रंगांचे थर असतात. जुना सफेदा शिशाचा असे. शेंदूर हादेखील शिशाचाच. भारतात घरगुती रंगांतील शिशावर दहा लाख भागांत ९० भाग ही मर्यादा घालणारे नियम २०१६ साली झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. तेव्हा त्याआधीचा जो रंग आहे तो शिशाचा असेल असे धरूनच चालावे. तो कोरडा घासला तर शिशाची धूळ होते, दिव्याने जाळून काढला तर वाफ होते. शिसे रक्तात जाते, हाडांत साठते, आणि लहान मुलांच्या मेंदूची वाढ बिघडवते. किती शिसे चालेल याची सुरक्षित अशी पातळीच नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून रंग ओला करून खरवडावा, खाली कागद अंथरावा, तो कागद गुंडाळून वेगळा टाकावा. कारागिराने हातपाय धुऊन, कपडे बदलून मग घरी जावे. कपड्यांवरची धूळ घरी नेली म्हणजे ती त्याच्या पोराच्या अंगावर जाते. हे आम्ही दर सभेत सांगतो, आणि दर सभेत कोणीतरी विचारतो, "साहेब, कपडे बदलायला जागा कुठं देतात?" याचे उत्तर आमच्याजवळ अजून नाही.

लाकडाच्या धुळीलाही कोणी साधी समजू नये. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीची गणना कर्करोग निश्चितपणे करणाऱ्या पदार्थांत केली, नाकाच्या कर्करोगावरून. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवीत नाही.

इतके झाल्यावर लाकूड रंध्याखाली येते. जुना साग रंधताना चामड्यासारखा एक वास सुटतो, तो ज्याने एकदा घेतला तो विसरत नाही. सालीलगतचे पांढरे लाकूड काढून टाकावे. कीड लागते ती त्याला, गाभ्याला सहसा लागत नाही. मग फळ्या जिथे कपाट बसावयाचे त्याच खोलीत, मध्ये पट्ट्या घालून, काही आठवडे रचून ठेवाव्यात. शंभर वर्षांचे लाकूड मुरलेले असते हे खरे, पण ते पावसात वखारीत पडलेले असेल तर त्याने ओल घेतलेली असते. साग इतर लाकडांच्या मानाने कमी हलतो. ओल्यापासून अगदी कोरडा होईपर्यंत तो रुंदीत अडीच ते सहा टक्क्यांच्या आसपास आकसतो. पण छतापर्यंतच्या कपाटाचे दार घट्ट बसावयास तेवढेही पुरते.

आता रंगाच्या त्या पातळ हाताकडे येतो.

मोडीच्या लाकडाची मुख्य अडचण अशी की ते एका कुळीचे नसते. एक फळी चाळीच्या जिन्याची, दुसरी वाड्याच्या कडीपाटाची, तिसरी कुठल्या जहाजातली. एक सोनेरी, एक काळपट, एक उन्हाने पिकलेली. त्यांचे एक कपाट करावयाचे तर ते गोधडीसारखे दिसू नये. नव्या लाकडाला रंग द्यावयाचा झाला तर स्टेन लावतात, तो लाकडात मुरतो. पण जुन्या लाकडाच्या निरनिराळ्या फळ्या निरनिराळा रंग पितात. खिळ्याच्या भोकाजवळ जास्त, तेलकट जागी कमी. भेद झाकण्यासाठी लावलेला स्टेन भेद वाढवतो.

ग्लेझची युक्ती वेगळी आहे. आधी लाकूड पॉलिशच्या एक-दोन हातांनी बंद करावयाचे, म्हणजे पुढचा रंग आत शिरणार नाही. त्या बंद थरावर पारदर्शक माध्यमात अगदी थोडा रंग मिसळून त्याचा पातळ हात द्यावयाचा, तो ओला असतानाच मऊ फडक्याने पुसून घ्यावयाचा, आणि जो उरेल तो वाळल्यावर वरून पुन्हा पारदर्शक हात द्यावयाचे. म्हणजे रंग लाकडात नाही, वरही नाही, दोन थरांच्या मध्ये पडद्यासारखा अडकलेला राहतो. सपाट भागावरून तो जवळजवळ पुसला जातो. दिल्ह्याच्या कडांत, नक्षीच्या खाचांत आणि कोपऱ्यांत थोडा राहतो. घरच्या पितळी समईच्या नक्षीत काळी रेघ राहते आणि तिच्यामुळेच नक्षी उठून दिसते, तसाच हा प्रकार. शिवाय फिकट फळीवर जरा जास्त ठेवता येतो, गडद फळीवरून पुरता पुसता येतो, आणि चूक झाली तर ओला असेपर्यंत टर्पेंटाइनच्या बोळ्याने सगळाच काढून पुन्हा आरंभ करता येतो. स्टेनमध्ये ही माफी नाही.

मिस्त्रींची कृती आम्ही वहीत लिहून घेतली आहे, ती सांगतो. खालचा थर चपडा लाखेचा. एक लिटर स्पिरिटला दोनशे ते अडीचशे ग्रॅम चपडा रात्रभर भिजत घालावयाचा, गाळून घ्यावयाचा, आणि केलेले पॉलिश सहा महिन्यांच्या आत संपवावयाचे. त्यापुढे ते वाळत नाही, चिकट राहते. सागाच्या अंगी स्वतःचे तेलकट द्रव्य असते. ते तेलाच्या रंगांना वाळू देत नाही. म्हणून आधी फळी स्पिरिटच्या फडक्याने पुसावयाची आणि लगेच लाखेचा हात द्यावयाचा. लाख त्या द्रव्याला खाली दाबून धरते. लाखेवर ग्लेझ तेलाचा: दोन भाग टर्पेंटाइन, एक भाग उकळलेले अळशीचे तेल, किंचित व्हार्निश, आणि रंगासाठी काव, पिवडी व चिमूटभर काजळी, चांगली खलून. काजळीला हात आखडता, असे ते दोनदा म्हणाले होते.

यात एक सूत्र दडलेले आहे, ते कळले की पुष्कळ चुका टळतात. खालचा थर ज्या द्रवात विरघळतो त्या द्रवाचा ओला हात त्यावर पुसू नये. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, टर्पेंटाइनमध्ये नाही. म्हणून लाखेवर तेलाचा ग्लेझ कितीही पुसला तरी खालचे पॉलिश हलत नाही. स्पिरिटमध्येच रंग कालवून लाखेवर पुसू गेलात तर सगळा चिखल होईल. आणि तेलाचा ग्लेझ पुरता वाळला नसताना वर मेलामाइन किंवा लॅकर मारले, तर त्यांतले थिनर ग्लेझला उचलते आणि कपाटाच्या दाराला म्हाताऱ्याच्या कपाळासारख्या सुरकुत्या पडतात. मुंबईच्या हिवाळ्यात एक-दोन दिवस, पावसाळ्यात त्याहून बरेच जास्त थांबावे लागते. आता कळले असेल, ठेकेदाराच्या 'चार हातांत' हे कुठेच बसत नव्हते. ग्लेझचा हात एक, पण तो लावणे, पुसणे, फळी-फळी जुळवून पाहणे आणि वाळण्याची वाट पाहणे हे चार हातांच्या तोलाचे काम होते.

लाखेविषयी दोन शब्द अधिक सांगितल्यावाचून राहवत नाही. पॉलिशला फ्रेंच म्हणतात, पण त्यातली लाख आपल्या कुसुम, पळस आणि बोरीच्या फांद्यांवर बसणारा एक किडा करतो. झारखंड-छत्तीसगडचे आदिवासी ती खरवडून काढतात. रांचीजवळ नामकुम येथे १९२४ साली लाखेच्या संशोधनासाठी संस्था निघाली. लाख दिसावयास सुंदर, दुरुस्तीला सोपी. पण गरम कप ठेवला तर पांढरे वर्तुळ पडते, स्पिरिट सांडले तर विरघळते आणि धुण्याच्या सोड्याने उतरते. स्वयंपाकघरातल्या कपाटाला वरचा हात लाखेचा देऊ नये. ऐन पावसात स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली ओल त्यावर धरते आणि पॉलिश पांढरे पडते. तेव्हा कारागिराला दोष देऊ नये, दोन दिवस थांबावे.

स्पिरिटचे आणखी एक. मुंबईच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या व्याख्येत फ्रेंच पॉलिशचे नाव आले आहे. लोक ते पीत, म्हणून. पॉलिशवाल्या कामगाराकडे पोलीस संशयाने पाहतात त्याचे मूळ तिथे आहे. पण न पिताही धोका आहेच. काही मालात मिथेनॉल असते, ते डोळ्यांची मज्जा जाळते. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत शंभरांहून अधिक माणसे विषारी दारूने गेली, ती मिथेनॉलनेच.

अळशीच्या तेलाची हकीकत मात्र विस्ताराने सांगतो, कारण तिच्यात आमच्या माणसांची अब्रू गुंतली होती. २००९ सालच्या मे महिन्यात एका सोसायटीतील रिकाम्या फ्लॅटमध्ये ग्लेझचे काम चालले होते. संध्याकाळी कारागीर निघून गेले. रात्री कोपऱ्यातील फडक्यांच्या ढिगाने पेट घेतला. सुदैवाने शेजाऱ्यांना धूर दिसला, माणूस कोणी दगावले नाही, पण कपाटाची एक बाजू आणि खिडकी जळाली. ठेकेदाराने सरळ ठरवून टाकले की पोरांनी विडी ओढून थोटूक टाकले. तिघांची महिन्याची मजुरी कापली. तिघांपैकी दोघे विडी ओढतच नव्हते. तिसरा ओढत असे, म्हणून तो बिचारा गप्प होता.

मिस्त्री आमच्याकडे आले आणि म्हणाले, "साहेब, तेलाचं फडकं आपोआप पेटतं. माझ्या उस्तादानं सांगितलं होतं." आम्हाला खरे वाटले नाही. मग आम्ही पुस्तके पाहिली. अळशीचे तेल पाण्यासारखे उडून वाळत नाही. ते हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होते, आणि त्या क्रियेत उष्णता निघते. फळीवर पातळ थर असतो तेव्हा ती उष्णता उडून जाते. फडक्याचा बोळा करून ढिगात टाकला की ती आत कोंडते, उष्णतेने क्रिया आणखी वेगाने होते, आणि काही तासांत कापूस पेटण्याइतकी तापते. बाहेरच्या ठिणगीची गरज नाही.

आम्ही ठेकेदाराला त्याच्याच इमारतीच्या गच्चीवर बोलावले. दुपारी त्याच्यादेखत अळशीच्या तेलात भिजवलेली फडकी चुरगाळून पत्र्याच्या बादलीत घातली, पाण्याची दुसरी बादली शेजारी ठेवली, आणि चहा घेत बसलो. पहिले दोन तास काही झाले नाही. ठेकेदार घड्याळ पाहून हसला. आमच्याही पोटात गोळा आला, हे कबूल करतो. तिसऱ्या तासाला तेल जळल्याचा वास आला. थोड्या वेळाने बादलीतून धूर निघाला. आत हात घालून पाहा म्हटले तर त्याने घातला नाही. मजुरी परत मिळाली, पण दोन हप्त्यांत.

तेव्हापासून आमचा नियम आहे. तेलाचे प्रत्येक फडके उघडे पसरून दोरीवर वाळत घालावयाचे, किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवावयाचे. कारागीर नसला तरी घरच्या माणसाने एवढे पाहावे.

आजकाल तेलाऐवजी पीयू आणि मेलामाइन यांचाच वापर अधिक आहे. ते लवकर वाळतात, पाण्याला टिकतात, हे त्यांचे गुण. पण पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते, त्याने धडधाकट माणसाला दमा जडतो, आणि एकदा जडला की त्या वासाजवळसुद्धा उभे राहता येत नाही. थिनरने डोके दुखते, चक्कर येते. सुटे टेबल-खुर्ची दुकानात, मोकळ्या हवेत रंगवता येते. भिंतीतले कपाट हलत नाही, म्हणून दुकानच घरात येते. बंद खिडक्या, कारण बाहेरची धूळ बसू नये, आणि आत फवारा. १९४८ चा कारखान्यांचा कायदा झाला तेव्हा कारखाना म्हणजे छप्पर, यंत्रे आणि दहा-वीस कामगार अशी कल्पना होती. बेडरूम हा कारखाना होऊ शकतो हे त्या कायद्याच्या बापाला सुचले नव्हते. घरात राहत असताना फवारा मारू देऊ नका. मुले आणि दमेकरी आठवडाभर दुसरीकडे ठेवा. कारागिरालाही कापडी नव्हे, वाफ शोषणारा मुखवटा द्या.

ग्लेझवर एक आक्षेप नेहमी घेतात की ही लबाडी आहे. रबराच्या झाडाच्या लाकडाला ग्लेझ मारून, साखळीने ठोकून, वाड्याचे सागवान म्हणून विकतात हे खरे आहे. पण ती लबाडी बिलात असते. ग्राहकाने दाराची वरची कड पाहावी, तिथे बहुधा ग्लेझ पोहोचलेला नसतो.

उरला हिशेब. आमच्या माणसांच्या दरपत्रकात पुढे आम्ही तीन गोष्टी वेगळ्या लिहावयास लावल्या. एक, मोडीच्या लाकडाचे खिळे आणि जुना रंग काढण्याची मजुरी पॉलिशमध्ये धरावयाची नाही. दोन, ग्लेझचा हात स्वतंत्र. तीन, दिल्हेदार दाराचे माप सपाट घ्यावयाचे नाही, कडा आणि खाचा उलगडून घ्यावयाचे. ग्लेझमधला खरा वेळ त्या खाचांतच जातो. पहिल्या दोन मान्य झाल्या. तिसरीवर अजून प्रत्येक कामाला भांडण होते.

आणि एक प्रश्न कायद्याचा. १९९६ साली बांधकाम कामगारांसाठी कायदा झाला. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला असेल त्याची नोंदणी, आणि नोंदणी असेल त्याला मंडळाचे लाभ, अशी त्याची रचना. तो कायदा २०२० च्या श्रमसंहितांत सामावला गेला, आणि त्या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. ही गोष्ट २०१४ ची, जुन्या कायद्याच्या वेळची. आम्ही अकरा पॉलिश कामगारांचे अर्ज घेऊन एका कार्यालयात गेलो. कारकून म्हणाले, "हे तर फर्निचरवाले. फर्निचर म्हणजे इमारत कशी?" आम्ही म्हणालो, "तुमच्या मागचं ते भिंतीतलं कपाट बाहेर काढून दाखवा. भिंत न फोडता निघालं तर अर्ज परत नेतो." त्यांनी मागे वळून पाहिले, कपाटाच्या कडेवरून बोट फिरवले, आणि साहेबांना विचारून येतो म्हणून आत गेले. अर्ज घेतले गेले. त्यांपैकी तीन मंजूर झाले. बाकीच्या आठ जणांना ठेकेदाराने ९० दिवसांचा दाखला दिलाच नाही.